खोडलेली शेवंती

रायफल माझ्याकडे आली तेव्हा ती काळी होती. दाराला लावतात तसला चकचकीत ऑइलपेंट फासलेली. मँचेस्टरच्या उत्तरेला एका गावातल्या हॉलमध्ये जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरायचा, तिथे हेल्मेटं आणि गंजलेल्या संगिनींच्या गर्दीत ती टेबलाला टेकून उभी होती. आधी कुठल्याशा पबच्या भिंतीवर होती आणि मग हौशी नाटकवाल्यांकडे गेली, असं विकणाऱ्याने सांगितलं. ती निकामी केलेली होती. नळीत सळई ठोकून वेल्ड केलेली, सोबत तसं प्रमाणपत्र. अशी बंदूक घरात ठेवायला इथे लायसन्स लागत नाही.

"जपानी असावी," तो म्हणाला. "किंवा इटालियन. तुम्हीच बघा."

मी हाडांचा डॉक्टर. मोडलेलं जोडायचं काम दिवसभर करायचो, पण नेहमी कुणाच्या तरी देखरेखीखाली. गॅरेजमध्ये देखरेख नव्हती. आधी घड्याळं झाली, मग एक शिवणयंत्र, आणि त्या वर्षी ही रायफल. इराकची लढाई टीव्हीवर चालू होती ते वर्ष.

त्याच मे महिन्यात माझे सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे राहायला आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांची मुलगीसुद्धा. वय सत्त्याहत्तर, पाठ ताठ, मिशी रोज कातरलेली. अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाले होते, आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते. ती गोष्ट मी लग्नाच्या आधीपासून ऐकत होतो. नदीकाठ, धुकं, अचानक समोर आलेला जपानी शिपाई आणि त्याच्या हातून हिसकावलेली रायफल. माझ्या बायकोच्या लहानपणी झोपताना दुसरी गोष्ट नसायची.

मी ती काळी बंदूक गॅरेजमध्ये टेबलावर ठेवली तेव्हा अण्णा दारात उभे होते. हातात चहाचा कप.

"ह्यी कुठनं आणली?"

"बाजारातून. जपानी आहे म्हणतात."

ते आत आले, कप खाली ठेवला, डाव्या अंगठ्याने बाजूचा खटका ओढला आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, मागे काढून हातात घेतला. मग तळहात बोल्टच्या मागच्या बोंडावर दाबला, थोडा फिरवला, आणि बोल्टचे तुकडे टेबलावर ओळीने मांडले. हत्यार लागलं नाही. बघावंही लागलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"जपानीच," ते म्हणाले आणि कप उचलला.

रंग काढायला मला तीन आठवडे लागले. जेलीसारखं रिमूव्हर लावायचं, तासाभराने पितळी ब्रशने खरवडायचं, कापसाने पुसायचं. खालून जे निघालं ते पाहून आधी मला वाटलं की कोणीतरी नकली बंदूक बनवली आहे. पोलादावर कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेले. मागे नेम धरायला वरखाली होणारी पट्टी असायला हवी, तिथे नुसती एक भोक पाडलेली पट्टी. बोल्टची मूठ अंड्यासारखी गोल असते, ती इथे सरळ दांडीचा तुकडा. दस्त्याच्या टाचेला लोखंडाऐवजी प्लायवुडचा तुकडा, आणि तोही खिळ्यांनी ठोकलेला.

मग पुस्तकं मागवली, इंटरनेटवरच्या जाणकारांना फोटो पाठवले. ती नकली नव्हती. युद्धाच्या अगदी शेवटी, पोलाद संपत आलेलं, कारखान्यांवर बॉम्ब पडताहेत, तेव्हा जपानने अशा रायफली केल्या. घाईघाईने, पॉलिश न करता. जाणकारांनी एकच गोष्ट बजावली, ते ओरखडे घासून काढू नका. सुबक केलीत तर ती मरेल. म्हणून मी घासलं काहीच नाही, नुसतं लाकडाला जवसाचं तेल चोळत राहिलो. अण्णा स्टुलावर बसून मला सूचना द्यायचे.

"दाबून चोळा, डॉक्टर. बाळाला लावताय का?"

"अण्णा, लाकूड आहे, पैलवान नाही."

"लाकडालाच जास्त लागतं."

ते दिवस वाईट नव्हते. हे सांगायला हवं, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

नळीच्या मुळाशी, पोलादावर वरच्या बाजूला जपानी बादशहाची खूण असते. शेवंतीचं फूल, सोळा पाकळ्यांचं. आमच्या रायफलीवर त्या जागी नुसता घासलेला डाग होता. भिंग धरलं की कडेच्या तीन-चार पाकळ्यांची टोकं दिसायची.

"आमच्या वेळंलापण असंच," अण्णा म्हणाले. "फूल खोडलेलंच असायचं. एक न्हाई बघितली बिनखोडलेली."

मी भिंग धरून होतो. ते वाक्य मी ऐकलं आणि तेलाची बाटली मागितली.

कारण तोपर्यंत मला माहीत झालं होतं. फुलं खोडली ती शरणागतीनंतर. बादशहाची खूण शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून शस्त्रं सोपवण्याआधी ती घासून टाकली. लढाईत मेलेल्या शिपायाच्या हातून घेतलेल्या रायफलीवर फूल शाबूत असतं. ब्रह्मदेशातल्या रायफलींवर ते शाबूतच असायचं. एकही बिनखोडलेली न पाहिलेला माणूस लढाईनंतर ताबा घेणाऱ्या फौजेबरोबर जपानात गेला असणार, जिथे शरण आलेल्या रायफलींचे ढीग होते आणि बोल्ट काढून वेगळे टाकण्याचं काम होतं. तळहात दाबायचा, फिरवायचा. शेकडो वेळा.

मी ते मनात ठेवलं. तेव्हा वाटलं, आदरापोटी ठेवतो आहे. तसं असेलही, ऑगस्टपर्यंत.

ऑगस्टमध्ये अण्णांचा पाय अंगणात घसरला आणि मनगट दुखावलं. मी त्यांना माझ्याच हॉस्पिटलात घेऊन गेलो. इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. मी कन्सल्टंट नव्हतो. स्टाफ ग्रेड होतो, म्हणजे कन्सल्टंटच्या खालची जागा, जिथून वरचा जिना नसतो. बायकोला हे अर्थातच माहीत होतं. पण साताऱ्याला आणि इथल्या मराठी मंडळात लोक मला कन्सल्टंट समजायचे. मी कधी तसं म्हणालो नव्हतो. कोणी तसं म्हटलं की मी विषय बदलायचो, एवढंच.

फ्रॅक्चर क्लिनिकमध्ये अण्णा खुर्चीवर बसले होते, हात झोळीत. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान कन्सल्टंट आत आला, लाइटबॉक्सवरचा दुसऱ्याच कुणाचा एक्स-रे पाहिला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला की या पेशंटबद्दल आधी मला विचारायचं ठरलं होतं ना? मी 'सॉरी' म्हणालो. तो म्हणाला, "पुन्हा नको." आणि गेला. नर्सने अण्णांकडे बघून समजुतीचं हसून टाकलं. अण्णांचं इंग्रजी फार नव्हतं, पण पलटणीत राहिलेल्या माणसाला कोण कोणाला झापतोय हे कळायला इंग्रजी लागत नाही.

घरी येताना गाडीत ते झोळीची गाठ चाचपत बसले. घरात शिरताच मुलीला म्हणाले, "काय मान गं डॉक्टरांचा! सगळी उभी राहत्यात. मोठा साहेब स्वतः येऊन विचारून गेला."

ती माझ्याकडे बघून हसली. मी हात धुवायला गेलो.

त्यांनी मला झाकलं होतं. मला ते सहन झालं नाही. कोणी मला खोटारडा म्हटलं असतं तर मी कदाचित सावरलो असतो, पण हा म्हातारा माझ्यासाठी खोटं बोलला आणि तेही इतकं सफाईने. त्यानंतर जेवताना त्यांनी आमटी वाढून घेतली तरी मला वाटायचं, याला माहीत आहे.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी चार कुटुंबं बोलवायचो. शस्त्रं म्हणून काय असणार घरात? माझा स्टेथोस्कोप, हिचं शिवणयंत्र, आमच्या मुलीचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या. पण त्या वर्षी अण्णांनी आग्रह धरला. "घरात हत्यार आहे आणि तुम्ही किल्ल्यांची पूजा करताय?" म्हणून रायफल पाटावर आली. हिने सुपरमार्केटमधून पिवळ्या शेवंतीचा गुच्छ आणला होता, त्याची फुलं नळीवर वाहिली, आणि ओलं कुंकू बोटाने दस्त्यावर टेकवलं. लाकडाला ताजं तेल होतं. कुंकू आत शिरलं. मी पुसायला गेलो तर अण्णा म्हणाले, "राहू द्या. लागलं ते लागलं."

पाहुणे जमले. मसालेभात, भजी, श्रीखंड. आयटीतला एक मित्र होता, मुंबईचा, ज्याला थट्टेशिवाय जेवण जात नाही. तो रायफलीपुढे हात जोडून म्हणाला, "वहिनी, आता काउन्सिलचा माणूस आला तर दार उघडू नका, सरळ गोळीच घाला."

"तिच्या नळीत सळई आहे रे," ती म्हणाली.

"मग दस्त्याने हाणा."

सगळे हसले. मग कोणीतरी अण्णांना ब्रह्मदेशाची गोष्ट विचारली आणि त्यांनी सांगितली. नदी, धुकं, शिपाई. मुलं मांडी घालून ऐकत होती. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात वाढायचा डाव, आणि आवाज न काढता ओठांनी प्रत्येक वाक्य आधीच म्हणत होती. गोष्ट संपली, आणि अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचं काय, आम्ही साधं शिपाई. हे बघा आमचे डॉक्टर. कन्सल्टंट! हॉस्पिटलात गेलो तर मोठमोठं साहेब यांना विचारून काम करत्यात."

त्यांचा हात खांद्यावरच होता.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही हिसकावलेल्या त्या रायफलीवर फूल कसं होतं? असं खोडलेलं की पूर्ण?"

"खोडलेलं," ते लगेच म्हणाले. "सगळ्यांवर खोडलेलंच."

"गंमत आहे," मी पाहुण्यांना म्हणालो. आवाज अगदी साधा, पुस्तकातलं सांगावं तसा. "ही फुलं शरणागतीनंतर खोडली. लढाईत सापडलेल्या रायफलीवर खोडलेलं फूल नसतंच. आणि ही अशी भोकाच्या पट्टीवाली रायफल तर ब्रह्मदेशात पोचलीच नाही."

आयटीवाला मित्र म्हणाला, "म्हणजे अण्णा, होम डिलिव्हरी होती तर!" कोणी हसलं नाही. मग एक जण हसला.

अण्णांनी हात काढला. ते माझ्याकडे नाही, मुलीकडे बघत होते. ती डाव घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "अण्णा, हल्ली तुमचं जरा गोंधळतं हां. श्रीखंड घ्या."

"हो," ते म्हणाले. "गोंधळतं जरा."

पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "तुला काय माहीत होतं ते असं बोलतील! चुकून विचारलंस. पण काळजी वाटतेय रे मला. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट, आणि डिटेल्स चुकायला लागले."

मी म्हणालो, "वय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गॅरेजमध्ये आले. स्टुलावर बसले. मी तेलाची बाटली शोधत असल्यासारखं केलं.

"लढाई संपली तवा मी ट्रेनिंगला होतो," ते म्हणाले. "मग आमाला जपानात न्हेलं. रोज बोल्ट काढायचं, एका ढिगात बोल्ट, एका ढिगात बंदुका. मग बोटीत भरून समुद्रात. हात फुटले होते थंडीनं. ब्रह्मदेशातली गोष्ट शेजारच्या खाटंवरचा सांगायचा, रोज रात्री. घरी आल्यावर लोक विचारायचे, काय केलंस? मग मीपण तीच सांगितली. एकदा सांगितली की झालं."

"अण्णा, मी..."

"तुम्ही बरोबरच सांगितलं. पुस्तकात असंल तसंच." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "तिला मात्र नका सांगू. तिला गोंधळतं वाटतंय तर वाटू द्या. ते बरं."

तिने पुढच्याच आठवड्यात जीपीची, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घेतली. भाषेसाठी मी सोबत गेलो. जीपी बाई चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या. आज कोणता महिना? मी मराठीत विचारलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळीच त्यांनी कॅलेंडरवर परतीच्या विमानाच्या तारखेला पेनने गोल केला होता.

"आठवत न्हाई," ते म्हणाले.

कोणतं गाव हे?

"आठवत न्हाई."

शंभरातून सात वजा करत जा. त्यांनी एकदा केलं आणि थांबले. शंभरातून सात वजा करायला त्यांना मी कधी बोट वापरताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक उत्तर मी इंग्रजीत सांगत होतो. शांतपणे, डॉक्टर डॉक्टरला सांगतो तसं. जीपी बाईंनी माझं मत विचारलं. मी म्हणालो, घरातही हल्ली थोडं जाणवतं.

हे मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. प्रश्न रागाच्या भरात विचारला, हे एक वेळ मी स्वतःला समजावू शकतो. पण त्या खोलीत राग नव्हता. ते मुलीसमोर खोटारडे ठरण्यापेक्षा विसराळू ठरायला तयार होते, आणि ते तसे ठरले की त्यांनी हॉस्पिटलात काय पाहिलं हेही कुणी खरं मानणार नव्हतं. हे मला तिथेच, त्या खुर्चीवर बसल्याबसल्या कळलं होतं.

नोव्हेंबरमध्ये ते परत गेले. पुढे साताऱ्याला माझ्या मेव्हण्याने त्यांच्या कपाटाची किल्ली स्वतःकडे घेतली. बाजारात एकटं सोडायचे नाहीत. गॅस लावू द्यायचे नाहीत. इंग्लंडला पुन्हा आणायचा विषय निघाला तेव्हा हीच म्हणाली, एवढा प्रवास झेपायचा नाही, विमानतळावर हरवतील. दर रविवारी ती फोन करायची आणि मोठ्याने, तोडून तोडून म्हणायची, "अण्णा, मी बोलतेय. तुमची मुलगी. इंग्लंडहून. ओळखलंत का?" पलीकडून काय येतं ते मला ऐकू यायचं नाही. ती फोन ठेवून म्हणायची, "ओळखलं आज."

चार वर्षांनी ते गेले, झोपेत. मेव्हणा म्हणाला, शेवटी फारसं बोलत नसत. जपानचं नाव कधी काढलं नाही, ब्रह्मदेशाचंही नाही. माझ्या हुद्द्याबद्दलही त्यांनी तिथे कुणाला काही सांगितलं नव्हतं. साताऱ्यात मी आजही कन्सल्टंट आहे.

रायफल मी माळ्यावर ठेवली होती, चादरीत गुंडाळून.

या हिवाळ्यात बायको दोनदा चष्मा विसरली, एकदा शेगडीवर दूध. ती शिकवते त्या शाळेत एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली. यातलं काहीच विशेष नाही. पण एक दिवस मी घरी आलो तर ती स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती.

"मी मेमरी क्लिनिकची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "अण्णांना सत्त्याहत्तरला सुरू झालं. मला पन्नाशीतच. हे घराण्यात असतं ना? तू डॉक्टर आहेस, सांग ना. असतं ना?"

मी माळ्यावर गेलो. चादर सोडली. दस्त्यावरचं कुंकू काळपट झालं होतं, पण होतं. मी ती खाली आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. बोल्ट काढला, बोंड तळहाताने दाबलं, फिरवलं, तुकडे मांडले. मला बघावं लागलं. मग सुरुवातीपासून सांगितलं, बाजारापासून. क्लिनिकमध्ये मला कोणी झापलं ते. घरी येऊन त्यांनी मला झाकलं ते. प्रश्न चुकून विचारला नव्हता, ते. गॅरेजमधलं. जीपीच्या खोलीतलं, एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर.

बराच वेळ ती त्या घासलेल्या डागावरून बोट फिरवत होती.

"म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं."

"हो."

"शेवटपर्यंत?"

"मला वाटतं, हो."

"मी दर रविवारी विचारायचे," ती म्हणाली. "ओळखलंत का म्हणून. ओरडून. आणि ते म्हणायचे, हो हो, ओळखलं, तू माझी थोरली. थोरली. मला वाटायचं, चला, आज बरं आहे."

तिने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग उठून बोल्टचे तुकडे एकामागे एक माझ्या हातात दिले, जणू भांडी आवरत होती.

"खंडेनवमीला सगळ्यांना बोलाव," ती म्हणाली. "त्या चार घरांना. तेच सगळे. आणि जिथे विचारलंस तिथेच सांग. माझ्या वडिलांचं डोकं शाबूत होतं, ते. आणि तुझा हुद्दा काय होता, तेही. दोन्ही."

"त्यांनी तुला सांगू नका म्हटलं होतं."

"मला नका म्हणाले ना? मग त्या चार घरांना सांग. आणि क्लिनिकची वेळ रद्द कर. मी नाही करणार फोन. तू कर."

ते मी दुसऱ्या दिवशी केलं. मग आयटीवाल्या मित्राला फोन लावला. खंडेनवमीला अजून सात-आठ महिने आहेत, पण त्याला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तो सुट्टीला कुठेतरी जातो.

"काय रे," तो म्हणाला, "किती वर्षांनी! अजून पूजा करतोस? ती अण्णांची बंदूक आहे का?"

"आहे."

"मग येतो. या वेळी काय, सुटी सुटी करून दाखवणार?"

"हो," मी म्हणालो. "तसंच काहीतरी."